चौथ्या प्रश्नातले पाणी

दोनशे चौदा हा आकडा उच्चारून झाल्यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंना जी शांतता पसरली होती, ती आता इतकी लांबली होती, की तिच्यात फ्रिजची घरघर, खालच्या रस्त्यावर मागे सरकणाऱ्या टेम्पोची टुकटुक आणि आतल्या खोलीत बायकोने मुद्दाम हळू ठेवलेल्या कात्रीचा आवाज, असे सगळे सुटे सुटे ऐकू येत होते. त्याच्या हातात पेन्सिल होती. पुढ्यात दोन कागद होते. एकावर मुलीने परीक्षेहून आल्या आल्या आठवतील तशी उतरवलेली स्वतःची उत्तरे. दुसऱ्यावर गणिताच्या बाईंनी दोन वाजता सगळ्या वर्गाला पाठवलेली बरोबर उत्तरे. प्रश्न चौथा, भाग क. मुलीच्या कागदावर तिथे शाईचा डाग पडला होता, म्हणून त्याने विचारले होते आणि तिने दोनशे चौदा सांगितले होते. बाईंच्या कागदावर दोनशे चौपन्न होते. फरक चाळीसचा. तो अडतीसचा असता, किंवा दशांशचिन्हामागे तीनचार आकडे ओढत नेणारा असता, तर त्याने फुली मारली असती आणि पेन्सिल पाचव्या प्रश्नावर नेली असती. पण चाळीस हा फार नीटनेटका आकडा होता. घाईत झालेल्या चुकांचा चेहरा असा धुतलेला नसतो. ही चूक कोणीतरी थांबून, विचार करून, खाली रेघ ओढून केली होती. आणि ती कुठून आली हे त्याला मुलीच्या आधी कळले होते.

बावीस वर्षे तो पाणी मोजत होता. शहराला लागून असलेल्या टेकडीवर पाणीपुरवठ्याच्या तीन टाक्या होत्या, जमिनीत अर्ध्या गाडलेल्या, वरून गवत उगवलेल्या. दर दोन तासांनी झाकण उचलायचे, मोजदांडा आत सोडायचा, तळाला टेकला की वर ओढायचा, ओली रेघ वाचायची आणि नोंदीच्या खोलीत यायचे. रेघेवर बोट धरून यायची गरज नव्हती. पण सुरुवातीच्या वर्षांत भीतीपोटी तो खरोखरच बोट न काढता येत असे. खोलीच्या भिंतीवर तक्ता होता. डाव्या रकान्यात दांड्यावर मोजलेली पाण्याची खोली, उजव्या रकान्यात पाण्याचे घनमीटर. आता यंत्रे बसली होती, काचेमागे हिरवे आकडे आपोआप बदलत. तरी सकाळ-संध्याकाळ दांडा सोडायचाच असा नियम होता, कारण यंत्रालाही कधी कधी झोप लागते, असे वरिष्ठ म्हणत. कामावर त्याला सगळे 'पातळी' म्हणत. "पातळी, आज काय म्हणतेय तुमची पातळी?" हा विनोद बावीस वर्षांत साधारण रोज एकदा झाला होता आणि तो रोज एकदा हसला होता.

निकाल दोन महिन्यांनी लागणार होता; पण तो आज पाचच्या आत हवा होता. शाळेच्या शेवटच्या वर्षी ज्यांना झेपेल त्यांनीच घ्यावा असा हा प्रगत कॅल्क्युलसचा पेपर. साठांच्या वर्गातून अकरा जण बसले होते. रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या एका मोठ्या विद्यापीठाने मुलीला जागा देऊ केली होती, फक्त या पेपरात सर्वांत वरची श्रेणी हवी या अटीवर. बसने अर्ध्या तासावर असलेल्या इथल्या कॉलेजने काहीच अट घातली नव्हती. फक्त आज संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा होता. होकार दिला की दूरची जागा आपोआप रद्द होणार. नाही दिला आणि श्रेणी हुकली, तर दोन्ही हातची गेलेली आणि वर्ष रिकामे. वरच्या श्रेणीची सीमा दरवर्षी बदलते आणि कोणी आधी सांगत नाही. बाईंनी गेल्या पाच वर्षांच्या सीमा जमवून कागदाच्या तळाशी लिहिल्या होत्या. चौऱ्याहत्तर, शहात्तर, त्र्याहत्तर, शहात्तर, पंचाहत्तर. शंभरपैकी. "मला माझा अंदाज काढता येत नाही, बाबा," मुलगी जेवताना म्हणाली होती. "मी स्वतःला एकतर सगळे मार्क देते, नाहीतर एकही नाही. तुम्ही काढा. तुम्ही सांगाल तो आकडा मी धरीन." तिने हे इतक्या सहज म्हटले होते, की त्यातला भार त्याच्या लक्षात यायला हात धुऊन होईपर्यंतचा वेळ गेला होता.

"काय झालं?" मुलीने आता विचारले. "चुकलं ना?"

"दोनशे चौपन्न आहे."

ती कागदाकडे वाकली. तिचे केस त्याच्या मनगटाला लागले. एक क्षण तिच्या ओठांची हालचाल झाली, मनातल्या मनात वजाबाकी करावी तशी, आणि मग ती हळूच मागे टेकली.

"चाळीस वजा केले मी," ती म्हणाली. "तळातले."

"हो."

"प्रश्नात दिलं होतं. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड तळापासून वर आहे, त्याच्या खाली चाळीस घनमीटर. चित्र पण होतं. मला वाटलं..." ती थांबली. "त्यांनी विचारलं होतं, टाकीत कमीत कमी पाणी किती. टाकीत. वापरता येणारं किती, असं नाही."

"ते ड मध्ये विचारलंय."

"ड माझं बरोबर आहे."

"ड बरोबर आहे," तो म्हणाला.

परीक्षेत टाकीचा प्रश्न आला हे तिने दाराशीच सांगितले होते, ते त्याला आठवले. पाणी एका वेगाने आत येते, दुसऱ्या वेगाने बाहेर जाते, दोन्ही वेग घड्याळाबरोबर बदलतात. तर सर्वांत कमी पाणी केव्हा आणि किती. सांगताना ती हसत होती. "तुमचाच प्रश्न होता, बाबा! मी तर वाचूनच सुटले." आणि त्यालाही, उगाच, आपण कुठेतरी छापून आल्यासारखे वाटले होते. ती नऊ वर्षांची असताना तो तिला पहिल्यांदा टेकडीवर घेऊन गेला, तेव्हा तिने झाकणाच्या कडेला पोटावर झोपून आत डोके घातले होते आणि त्याने तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला होता. आतून गार, शेवाळी, जुन्या नाण्यांसारखा वास येत होता. तिने स्वतःचे नाव आत ओरडून पाहिले. ते तीनदा परत आले. मग त्याने दांडा सोडला, वर ओढला, तिला ओली रेघ दाखवली, तक्त्यात आकडा शोधू दिला आणि मग त्या आकड्यातून ठरलेले घनमीटर वजा करून नोंदवहीत लिहिले. "हे का कमी केलं?" "ते तळातलं पाणी. पाइपाच्या तोंडाखालचं. ते धरायचं नसतं." "पण ते आहे ना तिथे?" "आहे." "मग?" "असलं तरी धरायचं नाही. ते आपल्या कामाचं नाही." "मग ते कुणाचं?" त्याने तिला खांद्यावर घेतले आणि गवतावरून खाली पळत सुटला, आणि ती प्रश्न विसरली, असे त्याने इतकी वर्षे धरले होते. ती विसरली नव्हती. तिने उत्तर मानले होते. आठ वर्षे ते तिच्यात स्वच्छ, न हलता राहिले होते, आणि आज सकाळी साडेअकराच्या सुमारास, कडक शिस्तीच्या एका सभागृहात, तिने ते बापावरच्या पूर्ण विश्वासाने उत्तरपत्रिकेत उतरवले होते.

"ही तुझी चूक नाही," तो म्हणाला. "माझी आहे."

"पेपर मी लिहिला, बाबा."

"तरी."

"आणि सांगू? लिहिताना इतकं बरं वाटलं होतं. वाटलं, बाकीच्या दहा जणांना हे सुचणारच नाही."

"नाहीच सुचलं त्यांना," तो म्हणाला, आणि दोघे एकदम हसले.

तो पेन्सिल घेऊन पुन्हा वरपासून सुरू झाला. कॅल्क्युलस त्याला येत होते, निदान मार्क मोजण्यापुरते. ही गोष्ट त्याने कामावर कोणाला सांगितली नव्हती. सतराव्या वर्षी तो स्वतः गणितात नापास होऊन शाळेतून बाहेर पडला होता. दोन वर्षांपूर्वी मुलीने हा विषय घेतला, तेव्हा तो संध्याकाळी तिच्यासमोर नुसता सोबतीला बसायचा, वर्तमानपत्र धरून. मग वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहायचा. मग एकदा न राहवून विचारले, की ही मान वाकवलेली रेघ कसली. "ही म्हणजे तुमचा भिंतीवरचा तक्ता, बाबा," ती म्हणाली होती. "टाकीचा आकार खाली निमुळता आहे ना? मग प्रत्येक बोटाला पाणी सारखं वाढत नाही. कोणीतरी आधी सगळं इंटिग्रेशन करून ठेवलंय. तुम्ही नुसतं उत्तर वाचता." तो हसला होता, पण दुसऱ्या दिवशी पाळीभर त्याने त्या तक्त्याकडे एखाद्याच्या मरणोत्तर सापडलेल्या अक्षराकडे पाहावे तसे पाहिले. आपण इतकी वर्षे कोणा अनोळखी माणसाने केलेली बेरीज वाचत होतो, आणि ती चुकली असती तर सगळे शहर चुकीचे पाणी प्यायले असते, हा विचार त्याला त्या दिवशी इतका विलक्षण वाटला, की दांडा पुसायचा राहून गेला. त्यानंतर तो तिच्याबरोबर शिकत गेला. ती दहा पाने पुढे, तो दहा पाने मागे. तिने कधी त्याला हे जाणवू दिले नाही, की पुढे चालणाऱ्याला मधूनमधून थांबावे लागते.

पहिल्या भागात चाळीस बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी दीड मार्काचा. एकोणतीस नक्की बरोबर, साडेत्रेचाळीस. पाच नक्की चूक. उरलेले सहा असे, की त्यांत तिने एक पर्याय भरला, खोडला, दुसरा भरला, आणि शेवटी कुठला ठेवला हे तिला आता आठवत नव्हते. दुसऱ्या भागात पाच मोठे प्रश्न, आठ-आठ मार्कांचे. पहिल्यात सात, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात तीन. तिसऱ्यात ती अडकली होती हे तिने आपणहून सांगितले. पाचव्यात चार. वीस झाले. राहिला चौथा. अ, ब आणि ड चे मिळून सहा. क चे दोन, त्यांचे काय करायचे ते पेन्सिलीने ठरवायचे होते. त्याने क पुढे शून्य काढले. शून्य काढताना हात सराईत होता. सहा संशयितांपैकी त्याने दोन धरले. म्हणजे तीन मार्क. सगळी बेरीज साडेबहात्तर. अर्धा सोडून दिला. कागदाच्या कोपऱ्यात बहात्तर लिहिले आणि भोवती चौकट काढली, नोंदवहीत काढत असे तशी.

आणि चौकट पुरी होता होता त्याच्या लक्षात आले, की आपल्याला बरे वाटते आहे. कुठलाही विचार येण्याआधीच शरीराला बरे वाटले होते. खांदे उतरले होते, श्वास पोटापर्यंत गेला होता. बहात्तर म्हणजे पाचही वर्षांच्या सीमांच्या खाली. बहात्तर म्हणजे बसने अर्धा तास. रविवारी सकाळी ती अजूनही कधी कधी त्याच्याबरोबर टेकडीवर येई, झाकणावर बसून वही उघडे आणि पाण्याकडे पाठ करून गणिते सोडवी. तो आत-बाहेर करत राही. दोघे तासभर एक शब्द बोलत नसत आणि परतताना दोघांनाही आपण पुष्कळ बोललो असे वाटत असे. घरात त्याचे आणि बायकोचे बोलणे चांगले होते, पण ते नेहमी कशाबद्दल तरी असे: गॅस, भाडेकरार, मुलगी. विषय न लागणारे बोलणे त्याला एकाच माणसाशी जमत असे. ती गेल्यावर टेबलाची ही बाजू कशी दिसेल हे त्याने कधी मनात आणले नव्हते, असे तो स्वतःला सांगत आला होता. पण आता खांदे उतरले, त्या अर्थी कोणीतरी त्याच्या आत हे चित्र बरेच दिवस जवळ धरून बसले असले पाहिजे.

मुलीने कागद आपल्याकडे फिरवला. "बहात्तर?"

"त्याच्या आसपास."

"सहातले दोनच?"

"जरा सावध धरलं."

"आणि क ला शून्य? मी पद्धत लिहिलीय ना पूर्ण."

"तपासणारा कसा असेल सांगता येत नाही, ठमे."

तिने पेन्सिलीच्या चौकटीवरून बोट फिरवले. "हा तुमच्या वहीतला आकडा झाला, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "पुढे कमी पडू नये म्हणून आधीच कमी लिहिलेला. मला तो नको. जेवढं आहे तेवढं सांगा."

आतून बायको तीन कप घेऊन आली. ती शाळांचे गणवेश शिवत असे. गळ्यात फितीचे माप लटकत होते आणि ब्लाउजला दोन टाचण्या टोचलेल्या होत्या. "लागला का निकाल? की कोर्ट अजून चालूच आहे?" तिने टेबलावरची चौकट पाहिली. "बहात्तर! अगं, ह्यांनी आमच्या लग्नाच्या हॉलमध्ये माणसं मोजली होती, तीसुद्धा शंभरने कमी सांगितली. जेवण अपुरं पडलं."

"खरी माणसं दीडशे होती," तो म्हणाला.

"तेच. मी पोरांच्या कपड्यात माया ठेवते, वाढतील म्हणून. हे पाण्यालाही कात्री लावतात. कसा टिकला संसार कोण जाणे."

"तुला काय वाटतं, आई?" मुलगी म्हणाली. "जाऊ?"

"मला विचारू नकोस बाई. मी जा म्हटलं तर तू म्हणशील आई हाकलते. काहीच नाही म्हटलं तर म्हणशील आईला पर्वा नाही. चहा घ्या." आणि ती पाठ फिरवून गेली, पण शिलाई मशीन बराच वेळ सुरू झाले नाही.

खालचा आकडा लिहायचा ही सवय त्याला वस्तादांनी लावली होती. वस्ताद म्हणजे त्याच्या आधीचे मोजणारे, निवृत्तीला आलेले, पाठीत वाकलेले. दांडा हातात घेतला की मात्र सरळ होत. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात एकदा पाणी हलत असताना ओली रेघ दोन खुणांच्या मध्ये आली आणि त्याने वरची लिहिली. त्या आकड्यावर भरवसा ठेवून पंपवाल्याने पुढचा पंप अर्धा तास उशिरा लावला. संध्याकाळी वरच्या वस्तीचे नळ कोरडे. वस्तादांनी त्याला सायकलवर मागे बसवले, वरच्या वस्तीतल्या एका इमारतीत नेले, चार जिने चढायला लावले आणि एका उघड्या दारासमोर उभे केले. आत एक म्हातारी नळाखाली पातेले धरून उभी होती. नळातून हवा येत होती. "येईल आता," ती त्यांना म्हणाली, जणू तेच पाहुणे आणि तिलाच त्यांची समजूत घालायची. खाली उतरल्यावर वस्ताद एवढेच म्हणाले, "कमी सांगितलंस तर कुणाचं काही जात नाही. उरतं." तेव्हापासून त्याने कधी वरची रेघ वाचली नाही. घड्याळाच्या, पगाराच्या, पावसाच्या, माणसांच्या, कशाच्याच बाबतीत नाही. आणि आज बावीस वर्षांनी, चहावर साय धरत असताना, त्याला पहिल्यांदाच वस्तादांच्या वाक्यात खोट दिसली. पाण्याच्या बाबतीत कमी सांगितलेले खाली टाकीत उरते. कोणीतरी उद्या पिते. पण मुलीला मार्क कमी सांगितले तर ते कुठे उरणार होते? ते कुठेच साठणार नव्हते. तिने आज होकार कळवला, की दोन महिन्यांनी निकालाच्या कागदावर काहीही येवो, ते तिला वापरता येणार नव्हते. आणि त्याला हेही ठरवता येईना, की आपण बहात्तर लिहिले ते सवयीने, की तिने राहावे म्हणून. दोन्ही कारणांचा हात एकच होता, अक्षर एकच होते. कदाचित म्हणूनच इतक्या सहज लिहिले गेले.

भिंतीवर साडेचार वाजले होते. त्याने खोडरबर घेतला आणि चौकट पुसली. कागद त्या जागी किंचित मऊ झाला.

"चल," तो म्हणाला. "ते सहा परत. सातवा प्रश्न."

"ब आणि ड मध्ये होते. कुठे थांबले आठवत नाही."

"उत्तर आठवू नकोस. खोडलेलं आठव. कागद कुठे खरवडला होता? ओळीच्या मध्ये की टोकाला?"

तिने डोळे मिटले. पापण्यांखाली बुबुळे हलत होती. "टोकाला. खोडरबराची भुकटी उजव्या बाहीला लागली होती."

"म्हणजे ड खोडलास. ब राहिला. बरोबर आहे. तेरावा?"

"तेराव्याला मी दोनदा खोडलं."

"दोनदा खोडलं तर पहिल्यावर परत आलीस का?"

"मी पहिल्यावर कधीच परत येत नाही."

"खरंय," आतून बायकोचा आवाज आला. "दुकानातसुद्धा नाही. नेहमी तिसराच फ्रॉक."

"मग तेरावा चूक," तो म्हणाला आणि फुली मारली. एकोणिसावा बरोबर. बाविसावा चूक. एकतिसावा बरोबर, त्या वेळी खिडकीबाहेर कोणीतरी झाड कापत होते आणि करवतीचा आवाज थांबला तेव्हाच तिने गोल भरला होता, हे तिला नेमके आठवले. अडतिसावा काही केल्या वर येईना. दोघांनी त्याच्यावर पाच मिनिटे घालवली. तिने हवेत बोटाने गोल भरून पाहिले, घड्याळ किती वाजले होते ते आठवले, पुढे बसलेल्या मुलीच्या वेणीचे रबर आठवले. अडतिसाव्या प्रश्नाच्या जागी मात्र नुसता पांढरा कागद होता. पूर्वीचा तो असता तर त्याने तिथे डोळे झाकून फुली मारली असती. आता तो फुली मारायला धजेना आणि बरोबरची खूणही करवेना; आणि या दोन न करवण्यांच्या मध्ये बसून त्याला आपल्या आयुष्यात कधी न आलेली एक विचित्र उघडी भावना आली, हातात काहीच न धरता उंचावर उभे असल्यासारखी.

"हा नाही कळत," तो म्हणाला.

"मग काय धरायचं?"

"काहीच नाही. जे कळतं तेवढंच. सहातले तीन." साडेचार मार्क. मग क. "वजाबाकी कशी लिहिलीस? दाखव."

तिने पेन्सिल घेऊन लिहिले: दोनशे चौपन्न, खाली चाळीस, रेघ, दोनशे चौदा. तिच्या मांडणीत दोनशे चौपन्न स्पष्ट होते. तपासणाऱ्याला ते दिसणार होते आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर ती त्यातून चाळीस काढून घेणार होती. पद्धतीचा मार्क मिळेल. उत्तराचा जाईल. हा एक मार्क जिथे गेला ती जागा त्याला बोट ठेवून दाखवता आली असती. ती टेकडीवर होती, मधल्या टाकीच्या झाकणाच्या कडेला, एका लहान फ्रॉकच्या मागे. त्याने क पुढे एक लिहिला. बेरीज केली. मग खालून वर पुन्हा केली.

"पंचाहत्तर."

"निदान पंचाहत्तर?"

"नाही. निदान नाही. पंचाहत्तर."

तिने तळाच्या पाच आकड्यांकडे पाहिले. दोन वर्षी मिळाली असती, दोन वर्षी हुकली असती. गेल्या वर्षीची सीमा नेमकी तीच होती. "म्हणजे काठावर," ती म्हणाली. तिच्या आवाजात निराशा नव्हती. डॉक्टरने आजाराचे नाव सांगितल्यावर माणूस ते एकदा स्वतः म्हणून बघतो, तसे ते होते.

"तुम्ही काय केलं असतं?"

खरे सांगायचे त्याला आता व्यसनच लागल्यासारखे झाले होते. "मी इथलं घेतलं असतं," तो म्हणाला. "सतरा वर्षांचा असतानाही, आणि आज पण. मी तसाच आहे. पण तो माझा स्वभाव झाला, अंदाज नाही. अंदाज पंचाहत्तर आहे."

"आणि मी इथे राहिले तर तुम्हाला आवडेल."

"आवडेल," तो म्हणाला. "फार. म्हणून तर मघाशी बहात्तर आले."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडेना; मात्र एखाद्या ओळखीच्या खोलीत नवीन दार दिसावे, तसे काहीतरी होते, आणि त्या दारातून ती येत होती की जात होती हे त्याला कळेना. मग तिने फोन पुढे ओढला. कॉलेजचे पान उघडेच होते. होकार हिरवा होता, नकार करडा. पाचाला दहा मिनिटे होती; काही न करता नुसते बसून राहिले असते तरी दहा मिनिटांनी तेच झाले असते. पण तिने करड्यावर बोट ठेवले. नक्की का, असे पानाने विचारले. तिने पुन्हा ठेवले. चाक फिरले, आणि तिची जागा रद्द झाल्याचे सांगून आभार मानणारी दोन ओळींची सूचना आली. ती तिने पूर्ण वाचली.

आतले मशीन सुरू झाले, एक लांब शिवण घालून थांबले.

तेव्हा त्याला भीती वाटली. मोठी, सरळ भीती, वरच्या रेघेची. आकडा चुकला, तर चार जिने चढून त्या म्हातारीच्या नव्हे, स्वतःच्याच दारात उभे राहावे लागणार होते. तपासणारा घाईत असेल. अडतिसावा चूक असेल. यंदा पेपर सोपा गेला म्हणून सीमा सत्याहत्तरवर जाईल. जून येईल, सगळे जातील आणि ही याच खुर्चीवर बसलेली असेल, आणि तो कामावरून येईल. आकडा त्याने दिला होता. मागून त्यातून काही काढून घेता येणार नव्हते.

ती उठली. खुर्ची आत सारली. दोन्ही कागद एकत्र करून, त्यांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि त्याच्यासमोर ठेवले.

"आणि मी चुकलो असलो तर?" त्याने विचारले.

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ, वजन न देता. "बोट मी ठेवलं, बाबा," ती म्हणाली. मग बाहेरच्या दाराकडे गेली. जिना उतरणारी तिची पावले दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली. त्यानंतर आली नाहीत.